दोनपदरी बसरा हार, १९१९ ची पावती आणि शंभर वर्षांची अट : एक प्रकरण अभ्यास

पुण्यातील एका कुटुंबाकडे पिढीजात आलेला नैसर्गिक मोत्यांचा दोनपदरी हार लिलावात विकायचा ठरला, तेव्हा त्या हाराची परीक्षा, त्याची कागदपत्रे, त्याच्या मालकीचा प्रश्न आणि पुरातन वस्तूंविषयीचा कायदा हे चारही विषय एकमेकांत कसे गुंतत गेले, याची ही मांडणी आहे. यातील कुटुंब आणि त्याच्या व्यवहाराचे आकडे विषय समजावा म्हणून रचलेले आहेत. मोत्यांची परीक्षा, बाजाराचा इतिहास आणि कायद्याच्या तरतुदी मात्र जशा आहेत तशाच घेतल्या आहेत.

हार होता प्रभात रस्त्यावर राहणाऱ्या दोन भावांच्या आईचा. त्यांच्या आजोबांनी तो मुंबईहून आणला, आजीने तो सून घरात आल्यावर तिच्या गळ्यात घातला, आणि २००३ मध्ये आई गेल्यावर तो बँकेच्या लॉकरमध्ये राहिला. बंगल्याचा पुनर्विकास ठरून सामानाची आवराआवर सुरू झाली, तेव्हा भावांनी हार बाहेर काढला. सोन्याचे दागिने तोळ्यावर वाटता येतात. मोत्यांचा हार तोडून वाटला तर वाटेकऱ्यांच्या हाती मिळून हाराची पुरती किंमत येत नाही, कारण जुळवलेल्या मोत्यांची किंमत सुट्या मोत्यांच्या बेरजेपेक्षा बरीच जास्त असते. त्यामुळे विकून पैसे वाटणे हाच मार्ग उरला.

हार दोन पदरांचा, आतल्या पदरात ६७ आणि बाहेरच्या पदरात ७३, असे एकूण १४० मोती. मधला मोती साडेआठ मिलिमीटरच्या आसपास आणि तेथून दोन्ही बाजूंना उतरत जाऊन मागे फाशाजवळ चार-सव्वाचार मिलिमीटरपर्यंत. रंग दुधी, पिवळसरपणाकडे किंचित झुकणारा, पाणी, म्हणजे चमक, उत्तम. लक्ष्मी रस्त्यावरील एका सराफाने तो पाहून ‘बसरा आहे’ असे सांगितले आणि दाताला मोती घासून दाखवला. या दाताच्या परीक्षेवर जुन्या लोकांची फार श्रद्धा असते, परंतु ती काचेच्या मण्यापासून खरा मोती वेगळा काढण्यापुरतीच उपयोगी आहे. कल्चर, म्हणजे माणसाने शिंपल्यात पिकवलेल्या, मोत्याच्या अंगावरही शिंपल्याने घातलेलेच थर असतात, म्हणून तोही दाताला तसाच खरखरीत लागतो. नैसर्गिक की कल्चर हा प्रश्न दाताने सुटत नाही, आणि लिलावात सारी किंमत त्याच प्रश्नाच्या उत्तरावर उभी असते.

कागद

हाराबरोबर एका पत्र्याच्या डब्यात दोन कागद आणि एक वही होती. पहिला कागद म्हणजे मुंबईच्या एका मोतीवाल्या पेढीची १९१९ ची पावती. तीत मोत्यांची संख्या १३२, वजन रती या जुन्या मापात आणि त्यापुढे ‘चव’ या मुंबईच्या मोतीबाजारातील मोजमापात आकडा होता. दुसरा कागद घरातील दागिन्यांची मोडी लिपीतील याद. ती वाचून घ्यायला पुण्यात अडचण नव्हती, कारण भारत इतिहास संशोधक मंडळाच्या या शहरात मोडी वाचणारे अजून सापडतात. यादीत ‘मोत्यांचा दुपदरी हार’ एवढीच नोंद होती, पण त्याच यादीतील नथ, चिंचपेटी आणि तन्मणी यांच्या शेजारी ती असल्याने हार त्याच घरचा असल्याचा तो एक दुवा ठरला. वही आईच्या जमाखर्चाची होती. तिच्यात १९६८ मध्ये ‘हार नवीन गाठवला, मोती ८ नवे, पटवेकऱ्याची मजुरी’ अशी एक ओळ होती; पटवेकरी म्हणजे दागिने ओवणारा, गाठवणारा कारागीर. या ओळीकडे प्रथम कोणीच लक्ष दिले नाही.

१९१९ या सालाला येथे विशेष वजन आहे. त्या काळी इराणच्या आखातात निघणारा बहुतांश माल मुंबईला येत असे. येथे मोत्यांना वेज, म्हणजे ओवण्यासाठीचे भोक, पडे, चाळण्यांतून त्यांचे आकार वेगळे होत, पाण्यानुसार ते निवडले जात आणि रेशमी दोऱ्यांत बांधून पॅरिस-लंडनला जात. ‘बसरा मोती’ हे नाव त्या व्यापाराच्या वाटेवरच्या बसरा बंदराचे आहे. मोती निघत ते बहारीनच्या आसपासच्या समुद्रातून. जपानमध्ये मिकिमोतो कोकिची यांनी १८९३ मध्ये अर्धगोल मोती पिकवला होता, परंतु पूर्ण गोल कल्चर मोती युरोपच्या बाजारात दाखल होऊन खळबळ उडाली ती १९२१ च्या सुमारास. त्यामुळे १९१९ ची पावती खरी असेल आणि ती याच हाराची असेल, तर तीतील मोती कल्चर असण्याची शक्यता जवळजवळ उरत नाही.

कुटुंबातील थोरल्या भावाने यावरून एक तर्क केला. पावती आहे म्हणजे हार नैसर्गिक, आणि नैसर्गिक हारांना परदेशात काय भाव येतो हे वर्तमानपत्रांतून वाचलेले होतेच. बडोद्याच्या गायकवाडांचा मोत्यांचा हार २००७ मध्ये न्यूयॉर्कला क्रिस्टीजच्या लिलावात सत्तर लाख डॉलरहून अधिक किमतीला गेला, हा आकडा त्यांच्या मनात घट्ट बसला होता.

बडोद्याचा हार येथे का लागू पडत नाही

ही तुलना चुकीची होती, पण चूक शिकण्यासारखी आहे, म्हणून तिच्यावर थोडे थांबावे लागेल. बडोद्याच्या हारातील ६८ मोती सुमारे साडेनऊ मिलिमीटरपासून सोळा मिलिमीटरपर्यंतचे होते. पुण्याच्या हारातील सर्वांत मोठा मोती बडोद्याच्या सर्वांत लहान मोत्यापेक्षाही लहान. ऐकणाऱ्याला वाटेल की सोळा म्हणजे आठाच्या दुप्पट, तेव्हा किंमतही दुप्पट-तिप्पट असेल. मोत्याचा बाजार असा चालत नाही.

मोत्याची किंमत वजनाच्या प्रमाणात वाढत नाही, वजनाच्या वर्गाच्या प्रमाणात वाढते. ग्रेन हे मोत्याचे वजन, म्हणजे कॅरेटचा चौथा भाग, ५० मिलिग्रॅम. सारख्याच पाण्याच्या मोत्यांसाठी एक मूळ दर धरला जातो आणि प्रत्येक मोत्याच्या ग्रेनमधील वजनाचा वर्ग करून त्याने तो दर गुणला जातो. चार ग्रेनचा मोती, म्हणजे साधारण सव्वापाच मिलिमीटरचा, १६ पट दराचा. सोळा ग्रेनचा, म्हणजे साधारण सव्वाआठ मिलिमीटरचा, २५६ पट दराचा. चार-चार ग्रेनचे चार मोती आणि सोळा ग्रेनचा एक मोती तराजूत समान, पण किमतीत चौघे मिळून एकाच्या पावपट. मुंबईची ‘चव’ हेही याच तत्त्वाचे मोजमाप होते: वजनाचा वर्ग आणि मोत्यांची संख्या यांचा मेळ घालून काढलेले. पावतीवर वजनाखाली चव वेगळी लिहिलेली होती ती यासाठीच.

आता गोल वस्तूचे वजन व्यासाच्या घनाने वाढते. सोळा मिलिमीटरचा मोती सव्वाआठ मिलिमीटरच्या मोत्यापेक्षा वजनात सातपट भरतो, आणि वर्ग केला की नुसत्या मापामुळेच किमतीत पन्नासपट. त्यावर इतक्या मोठ्या मोत्यांची दुर्मिळता, गोलाई आणि जुळणी, आणि वर राजघराण्याचे नाव. प्रभात रस्त्यावरचा हार उत्तम होता, परंतु तो बडोद्याच्या वर्गातला नव्हता, आणि लिलावगृहाच्या तज्ज्ञाला पहिल्या भेटीचा बराच वेळ हे समजावण्यात घालवावा लागला.

याच ओघात एक गोष्ट सांगायला हवी. कुटुंबाच्या दुसऱ्या टोकाला, धाकट्या भावाच्या मनात, उलटी भीती होती: मोत्याला भाव राहिलेला नाही. या भीतीलाही इतिहासाचा आधार आहे. १९१७ मध्ये न्यूयॉर्कच्या फिफ्थ अॅव्हेन्यूवरील हवेली कार्तिए या जवाहिऱ्यांनी एका दोनपदरी नैसर्गिक मोत्यांच्या हाराच्या बदल्यात घेतली. त्या हाराची किंमत तेव्हा दहा लाख डॉलर धरली होती. तोच हार १९५७ मध्ये मालकिणीच्या पश्चात लिलावाला आला तेव्हा सुमारे दीड लाख डॉलरना गेला. मध्ये कल्चर मोती आले होते, १९२९ नंतरची मंदी आली होती, आणि १९३२ मध्ये बहारीनला तेल सापडल्यावर मोती काढणाऱ्या पाणबुड्यांच्या होड्याही ओस पडू लागल्या होत्या. नवा नैसर्गिक माल जवळजवळ थांबला, आणि त्यामुळेच पुढे काही दशकांनी जुन्या हारांचा भाव पुन्हा चढला. म्हणजे आजच्या लिलावात नैसर्गिक मोती म्हणून येणारा बहुतेक माल कोणाच्या ना कोणाच्या घरातून, लॉकरमधून बाहेर निघालेला असतो. पुण्यासारख्या शहराकडे लिलावगृहांचे लक्ष असते ते या कारणाने. येथे मोत्याची आवड पेशवाईपासूनची. जेम्स वेल्सने १७९२ मध्ये रंगवलेल्या सवाई माधवराव आणि नाना फडणवीस यांच्या चित्रात मोत्यांचे कंठे दिसतात, आणि पुढच्या दीडशे वर्षांत ती आवड सरदारांच्या वाड्यांतून वकील-डॉक्टरांच्या बंगल्यांपर्यंत पोचली.

प्रयोगशाळेचा अहवाल

हार मुंबईतील प्रयोगशाळेत गेला. तेथे प्रथम भिंगाखाली वेज पाहिले गेले. जुन्या काळी कामठ्याने फिरवायच्या हातगिरमिटाने पाडलेले वेज फार बारीक असत, कारण मोत्याचे वजन घटू नये ही काळजी असे. कल्चर मोत्यांची भोके यंत्राची, तुलनेने रुंद आणि एकसारखी. हारातील बहुतेक मोत्यांचे वेज बारीक होते, काहींचे मात्र नव्हते. ही पहिली शंका. त्यानंतर दोरा काढून मोती सुटे केले आणि क्ष-किरण चित्रण झाले. नैसर्गिक मोत्याच्या आत कांद्याच्या पापुद्र्यांसारखे एकात एक थर दिसतात, कधी मध्यावर सेंद्रिय द्रव्याचा गडद ठिपका. मणी घालून पिकवलेल्या कल्चर मोत्यात शिंपल्याच्या गोल मण्याची स्पष्ट कड दिसते. गोड्या पाण्यातील मोत्यांत मँगनीज जास्त असल्याने ते क्ष-किरणांखाली उजळतात, खाऱ्या पाण्यातील उजळत नाहीत. तीही तपासणी झाली.

अहवाल असा आला: १४० पैकी १३१ मोती नैसर्गिक, खाऱ्या पाण्यातील, ९ मोती मणी घालून पिकवलेले कल्चर. नऊपैकी आठ दोन्ही पदरांच्या चारही टोकांना, प्रत्येक टोकाला दोन. नववा मात्र बाहेरच्या पदरात मध्यभागाच्या उजवीकडे, दर्शनी जागी, आठ मिलिमीटरचा.

घरात हा अहवाल ऐकून बराच मनस्ताप झाला. हार बदलला गेला, कोणीतरी फसवले, असे बोलणे झाले. परंतु डब्यातील कागद अहवालाशेजारी ठेवताच चित्र उलगडले, आणि या प्रकरणातील सर्वांत समाधानकारक भाग तो हाच. पावती सांगते १३२ मोती. वही सांगते १९६८ मध्ये ८ नवे. बेरीज १४०. म्हणजे टोकांचे आठ मोती हार थोडा लांब व्हावा म्हणून पटवेकऱ्याने घातले, आणि १९६८ मध्ये सहज मिळणारे मोती कल्चरच होते. उरले मूळचे १३२. त्यांतील १३१ नैसर्गिक निघाले, म्हणजे एकच बदलला गेला. पावतीवरील वजन जुन्या रतीत असल्याने आजच्या ग्रेनशी तंतोतंत जुळवता येत नव्हते, पण संख्येचा हा हिशोब इतका चोख बसला की पावती याच हाराची आहे हे लिलावगृहानेही मान्य केले. नुसत्या अहवालाने हे सिद्ध झाले नसते, नुसत्या पावतीनेही नाही.

नवव्याच्या जागचा मूळ मोती कुठे गेला, याचे उत्तर कोथरूडला राहणाऱ्या बहिणीने दिले. तिच्या पत्रिकेत चंद्र दुर्बल म्हणून आईने सत्तरच्या दशकात हारातला एक मोती काढून तिला अंगठी करून दिली होती आणि त्या जागी सराफाकडून मिळताजुळता मोती बसवून घेतला होता. अंगठी प्रयोगशाळेत पाठवली; मोती नैसर्गिक निघाला, वेज बारीक, आकारही बसणारा.

मालकी

येथे एक जुना प्रश्न वर आला, आणि तो बाजाराचा नव्हता. दोघा भावांनी आतापर्यंतची सगळी बोलणी बहिणीला विचारात न घेता केली होती. ‘तिला लग्नात दिले होते’ हे त्यामागचे गृहीत. हार मात्र आईचा होता, सासूकडून भेट मिळालेला, आणि हिंदू उत्तराधिकार अधिनियम, १९५६ च्या कलम १४ प्रमाणे तिच्या पूर्ण मालकीचा. ती मृत्युपत्र न करता गेली आणि वडील तिच्या आधी गेले होते. अशा वेळी कलम १५ प्रमाणे मुलगे आणि मुली समान वारस ठरतात. बहिणीचा हिस्सा एकतृतीयांश, लग्नात काय दिले याच्याशी त्याचा संबंध नाही. लिलावगृह विक्रीचा अधिकार तपासते, आणि वाटणीवर वाद असलेली वस्तू घेत नाही, म्हणून तिघांनी समान हिश्श्याचे कबुलीपत्र केले. बहिणीने ते झाल्यावरच अंगठीतील मोती हारात परत देण्याची तयारी दाखवली, आणि माझ्या मते ते योग्यच होते.

मग हार पुन्हा गाठवला गेला. टोकांचे आठ मोती काढले, नववा काढून मूळचा मोती त्याच्या जागी बसला, आणि आतला पदर ६३, बाहेरचा ६९, एकूण १३२ असा हार तयार झाला. प्रत्येक पदराची लांबी पावणेदोन सेंटिमीटरच्या आसपास कमी झाली. किमतीच्या वर्गाच्या हिशोबात टोकांच्या आठ बारीक मोत्यांचे वजन नगण्यच होते. दर्शनी मोत्याचे तसे नव्हते. प्रयोगशाळेने १३२ नैसर्गिक मोत्यांचा नवा अहवाल दिला. स्थितीविषयीच्या टिपणात लिलावगृहाने काही मोती वेजाच्या कडेला झिजून किंचित पिंपाकार झाल्याचे नोंदवले, कारण पूर्वी मोत्यांच्या मध्ये गाठी न मारता ओवण्याची पद्धत होती आणि मोती एकमेकांवर घासत. आई मोती रिठ्याच्या पाण्याने धूत असे. ते एका परीने बरे झाले; सोडा किंवा साबण लागला असता तर पाणी उतरले असते.

कायद्याची अट

आता हार सर्वांगाने पूर्ण होता, आणि नेमक्या याच टप्प्यावर त्याचा मोठा बाजार बंद झाला.

पुरावशेष व कलानिधी अधिनियम, १९७२ हा कायदा ५ एप्रिल १९७६ पासून अमलात आहे. त्याप्रमाणे किमान शंभर वर्षे अस्तित्वात असलेली कलाकुसरीची वस्तू पुरावशेष ठरू शकते, आणि पुरावशेष देशाबाहेर नेण्याचा अधिकार केंद्र सरकार व त्याने अधिकृत केलेल्या यंत्रणेलाच आहे. खाजगी व्यक्तीला नाही. उल्लंघनाला किमान सहा महिने आणि कमाल तीन वर्षे कारावास व दंड अशी शिक्षा आहे. जिनिव्हा आणि हाँगकाँगच्या लिलावांत नैसर्गिक मोत्यांसाठी जी चढाओढ होते, तिथे हा हार जाऊ शकत नव्हता. गायकवाडांचा हार गेला, कारण बडोद्याच्या महाराणी सीतादेवींबरोबर तो हा कायदा येण्याच्या कितीतरी आधी देशाबाहेर पडला होता.

या प्रकरणाचा गाभा येथे आहे, म्हणून तो नीट सांगतो. नैसर्गिकपणाचा कागदोपत्री पुरावा म्हणून पावती मौल्यवान होती, कारण ती १९२१ च्या आधीची होती. पण जे साल मोती नैसर्गिक असल्याची ग्वाही देते, तेच साल आज हार शंभर वर्षांचा असल्याचीही ग्वाही देते. पंचवीस वर्षांपूर्वी ही अडचण नव्हती. तेव्हा १९१९ चा हार ऐंशीचा होता आणि कायद्याच्या दृष्टीने पुरावशेष नव्हता. शंभर वर्षांची सीमा दरवर्षी एक-एक साल पुढे सरकते आणि ती कल्चर मोती आले त्या वर्षांना आता ओलांडून गेली आहे. त्यामुळे कल्चरपूर्व काळाचा लेखी पुरावा असलेला प्रत्येक हार भारतात आता देशांतर्गत बाजारापुरताच उरतो. याउलट १९३० च्या पुढच्या हाराला निर्यातीची अडचण नाही, पण त्याच्या नैसर्गिकपणाचा भार एकट्या प्रयोगशाळेवर येतो.

टोकांचे आठ मोती काढणे आणि अंगठीतला मोती परत आणणे यानेही तेच झाले. १९६८ च्या रूपात हा हार नवा फास, नवे मोती, नवी लांबी घेऊन उभा होता आणि तो १९१९ चीच वस्तू आहे का, याबद्दल निदान वाद घालता आला असता. मूळ १३२ मोत्यांचा हार पावतीशी जुळला आणि वाद संपला.

एका मध्यस्थाने सुचवले की पावती दाखवूच नका. अहवाल नैसर्गिक म्हणतो, साल म्हणत नाही. दागिना आजोबांचा नव्हे, आईचा असे सांगा आणि पुरावशेष नसल्याचे प्रमाणपत्र भारतीय पुरातत्त्व सर्वेक्षणाकडून मिळवा. या सल्ल्याला बाजारात चतुराई म्हणतात. तो कायद्याने गुन्ह्याकडे नेणारा होता हे तर झालेच, पण व्यवहारातही तो कच्चा होता. पावती आणि याद तोपर्यंत लिलावगृहाने व प्रयोगशाळेने पाहिली होती, त्यांच्या प्रती दोघांकडे होत्या. शिवाय मोत्याच्या थरांतील कार्बनवरून वयाचा अंदाज काढण्याचे काम स्वित्झर्लंडमधील बाझेलच्या प्रयोगशाळेने झुरिचच्या संशोधकांबरोबर केलेले आहे. त्यातून १९१९ की १९३० हे सांगता येत नसले तरी मोती जुने आहेत एवढे दिसते. ज्या खरेदीदाराला हार जुना वाटतो, तो कागद मागतोच, आणि नाही म्हटले की भाव पाडतो.

विक्री

पर्याय दोनच राहिले. मुंबईच्या एका व्यापाऱ्याने ४८ लाखांना थेट विकत घेण्याची तयारी दाखवली, उत्तर आठ दिवसांत हवे या अटीवर. लिलावगृहाने देशांतर्गत लिलावासाठी ७० ते ९० लाखांचा अंदाज दिला, लिलावाच्या पुस्तिकेत ‘निर्यातीस अपात्र’ अशी नोंद राहील हे आधीच सांगून. निर्यात बंद असल्याने परदेशी बोली जवळजवळ येणार नव्हत्या, म्हणून हा अंदाज तशाच हाराच्या जिनिव्हातील अंदाजापेक्षा कमी होता.

राखीव किमतीवर, म्हणजे जिच्याखाली वस्तू विकायची नाही त्या किमतीवर, मात्र तिढा पडला. थोरल्या भावाला ती ८५ लाख हवी होती. राखीव किंमत खालच्या अंदाजापेक्षा वर ठेवायची नाही हा लिलावाचा सर्वसाधारण नियम आहे, आणि तो विक्रेत्याच्या हिताचाच आहे. लिलावात बोली न गाठलेली वस्तू लगेच पुन्हा मांडली तर सर्व खरेदीदारांना तिची कथा ठाऊक झालेली असते, आणि पुढचा देणारा कमीच देतो. शेवटी ६५ लाख ठरले. मला ते थोडे जास्तच वाटले. निर्यातबंदी असलेल्या वस्तूला गंभीर बोली लावणारे देशात थोडेच असतात, आणि अशा वेळी ६० वर थांबले असते तर धोका कमी झाला असता.

लिलावात बोली ५० लाखांवर सुरू झाली, राखीव किमतीपर्यंत तिघे होते, नंतर दोघे, आणि हातोडा ७४ लाखांवर पडला. विक्रेत्याकडून घ्यायची दहा टक्के दलाली वजा जाता ६६ लाख ६० हजार राहिले. खरेदीदाराने हातोड्याच्या किमतीवर दिलेला अधिभार लिलावगृहाचा, त्याचा विक्रेत्याशी संबंध नाही. कर तिघांना स्वतंत्रपणे लागला. दागिना ही भांडवली मालमत्ता आहे, वारशाने आल्याने पूर्वीच्या मालकाचा धारणाकाळ धरला जातो, आणि १ एप्रिल २००१ पूर्वीच्या मालमत्तेसाठी त्या दिवशीचे बाजारमूल्य खर्च म्हणून घेता येते. नोंदणीकृत मूल्यांककाने ते १४ लाख ठरवले. प्रत्येकी नफा १७ लाख ५३ हजारांच्या आसपास, त्यावर २३ जुलै २०२४ पासून लागू असलेल्या दराने साडेबारा टक्के कर आणि उपकर मिळून साधारण २ लाख २८ हजार. प्रत्येकाच्या हातात सुमारे १९ लाख ९२ हजार आले. व्यापाऱ्याला ४८ लाखांना दिला असता तर हाच आकडा साडेचौदा लाखांच्या आसपास राहिला असता, आणि तेही तिघांत वाटून, कबुलीपत्र झाले असते तरच.

खरेदीदाराने मूळ पावती आणि मोडी याद हाराबरोबर मागितली. धाकट्या भावाला त्या घरात ठेवायच्या होत्या, पण त्या कागदांखेरीज हार म्हणजे निव्वळ अहवालातील १३२ मोती उरतात, ही खरेदीदाराची बाजू रास्त होती. मूळ कागद हाराबरोबर गेले, त्यांच्या साक्षांकित प्रती कुटुंबाने ठेवल्या, आणि जमाखर्चाची वही देण्याचे मात्र तिघांनीही नाकारले. तिच्यातील १९६८ च्या पानाची प्रत देऊन व्यवहार पूर्ण झाला.